घरातली वेठ

(यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या एका युवक शिबिरातलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)



पत्रिकेत माझ्या नावासमोर 'दलित स्त्री आणि आरोग्य' असा विषय छापला आहे. त्यासाठी डॉक्टर आणायला पाहिजे होता. मी डॉक्टर नाही. मी आशा आहे. नववीत शाळा सुटली, पुढं बाहेरून दहावी केली, लग्न झालं, दोन लेकरं झाली, आणि गेली बारा वर्षं आर्णी तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून दारोदार फिरते. म्हणून मी आरोग्यावर बोलणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी जी बाई बसते, तिच्यावर बोलणार आहे. ती रात्रभर बसते, फुकट बसते, आणि तिच्या बसण्याची कुठंच नोंद होत नाही.

सकाळी चहाच्या वेळी इथलाच एक पोरगा मला म्हणाला, "ताई, मायची तब्येत बरी नाही, पण बहीण आहे घरी, म्हणून आलो." मी विचारलं, बहीण काय करते? "बारावीला आहे." मग तिला पण आणायचं होतं ना, चांगली भाषणं झाली. तो हसला. मी काही गमतीचं बोलले असं त्याला वाटलं. पोरगा वाईट नाही. हुशार आहे, घोषणा देताना त्याच्या मानेच्या शिरा फुगतात. पण एका पोरीला घरी खुंट्याला बांधून आपण क्रांतीला आलो, हे त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. आज मला तेवढंच त्याच्या ध्यानात आणून द्यायचं आहे. बाकी मोठं काही मजजवळ नाही.

आधी माझ्या घरचं सांगते. माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. दीड-दोन वर्षांचा असताना त्याचे हातपाय सुजायचे. पोरगं रात्रभर रडायचं. कोणी म्हणे वात आहे, कोणी म्हणे बाहेरचं आहे. अंगारा झाला, उतारा झाला, माझ्या बापानं पुढं त्याची लाजही बाळगली, पण झालं खरं. पुढं एका शिबिरात रक्त तपासलं तेव्हा कळलं, सिकलसेल. एसएस.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना हा शब्द ठाऊक आहे. विदर्भातल्या बौद्ध वस्तीत आणि गोंड, परधान, कोलाम पाड्यांवर तो ठाऊक नसेल असं घर शोधावं लागेल. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. मग रक्त कमी. वाकड्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात, मग हाडं फुटल्यासारखी दुखतात. थंडी, ताप, तहान, अतिश्रम, काहीही झालं की दुखणं उठतं. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या या वाकड्या पेशींबद्दल विलायतेच्या मोठ्या वैद्यकीय मासिकात लिहून ठेवलं होतं. मधे राज्याचा कार्यक्रम आला, आणि देशपातळीवरची मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ ला. ६५ वर्षं. या ६५ वर्षांत सिकलसेलचा दवाखाना कोण चालवत होतं? आमच्या माया चालवत होत्या, झोपडीत, चिमणीच्या उजेडात.

मायचं काम काय होतं ते सांगते, कारण 'सेवा केली' म्हटलं की ते काम दिसत नाही. दर तासाला पाणी पाजायचं, पोरगं नाही म्हणलं तरी. वीट तापवून फडक्यात गुंडाळून मांड्या शेकायच्या, चटका बसू न देता. पोट चाचपून पाहायचं, पानथरी वाढली का. डोळे पिवळे झाले का पाहायचं. श्वास मोजायचा. ताप चढला की ओलं फडकं, पण जास्त ओलं नाही, कारण गारठा लागला की दुखणं वाढतं. फॉलिक ॲसिडची गोळी चुकू द्यायची नाही. आणि केव्हा घरी थांबायचं अन् केव्हा रात्री दोन वाजता खाटेवर टाकून रोडवर न्यायचं, हे ठरवायचं. हा शेवटचा निर्णय डॉक्टरचा असतो, मित्रांनो. आमच्याकडे तो निरक्षर बाई घेत होती, आणि चुकला तर जन्मभर तिच्यावरच येणार होता.

आता यात आपल्या जिल्ह्याचा हिशेब घाला. पऱ्हाटी फुटते दिवाळीच्या आगंमागं, आणि वेचणी चालते थंडीभर. वर्षातली बरी मजुरी हीच. किलोवर पैसे. जेवढं वेचाल तेवढं मिळेल. आणि थंडी पडली की कापूस फुटतो, थंडी पडली की भावाची हाडं दुखतात. दोन्ही एकाच महिन्यात. ज्या दिवसांत मायनं वावरात असायला पाहिजे, त्याच दिवसांत ती खाटेजवळ. मग त्या मजुरीचं उसनं घ्यायचं, आणि उन्हाळ्यात निंदन-खुरपण नसताना ते फेडायचं. हे कर्ज कोणत्या सोसायटीच्या वहीत लिहिलं जातं? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं कर्ज तरी मोजायला समित्या आल्या, प्रधानमंत्री येऊन गेले. खाटेपाशी बसून बुडालेली मजुरी मोजायला कोण आलं?

नववीत असताना एका थंडीत माय म्हणाली, "बाई, दोन महिने तू बैस त्याच्यापाशी, मी येचाले जातो. मंग जाजो शाळेत." ते दोन महिने संपलेच नाहीत. मायनं मला शाळेतून काढलं असं मी म्हणत नाही. तिच्यापुढं दोनच वाटा होत्या, मजुरी सोडायची का पोरीची शाळा सोडायची. तिसरी वाट घरातच होती, पण ती कोणाला सुचली नाही. तिसरी वाट म्हणजे माझा बाप.

माझा बाप दारू पीत नव्हता. बायकोवर हात टाकत नव्हता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल असल्या बापाची गोष्ट आहे, आमची नाही. चांगला माणूस. चौदा एप्रिलला निळा झेंडा त्याच्या हातात. वस्तीतली भांडणं तोडायला त्याला बोलावत. पोराचं दुखणं उठलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. त्याला पाहवत नव्हतं. मायला पाहवत होतं का? पाहवण्याचा प्रश्नच तिला कोणी विचारला नाही.

आणि वर दोष कोणाला? मायला. आमची आत्या म्हणायची, "तिच्या माहेराच्या रगतातच खोट हाय." सिकलसेलचं शास्त्र साधं आहे. माय आणि बाप दोघंही वाहक असले तरच पोराला हा आजार होतो. प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. म्हणजे अर्धा बापाकडून आला. आजार अर्धा बापाचा, दोष पुरा मायचा, आणि सेवाही पुरी मायची. हा कोणता वाटा झाला?

आता मायचं पुढचं ऐका. तिचं अंग बाहेर येत होतं. इथं पुरुष बसले आहेत म्हणून मी हे चोरून बोलणार नाही. गर्भपिशवी खाली उतरत होती. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती नाही, वरून ओझी, आणि वाढत्या पोराला उचलून खाटेवरून खाली, खालून खाटेवर. आठ वर्षं तिनं कोणाला सांगितलं नाही. आठ वर्षं ती कमरेला फडकं आवळून चालली. मी आशा झाले तेव्हा मला कळलं, तेही तिला न्हाऊ घालताना. मी रागावले. ती म्हणाली, "सांगून काय करू? मी दवाखान्यात पडलो तं तुया भावाले कोण पाहीन?" ऑपरेशनची तारीख एकदा मिळाली होती. दवाखान्यातून विचारलं, सोबत बाईमाणूस कोण राहील? मी तेव्हा दुसऱ्या वेळची बाळंतीण होते. तारीख गेली. दोन वर्षांखाली माय गेली, दुसऱ्याच दुखण्यानं. ते फडकं शेवटपर्यंत कमरेलाच होतं.

मी याला सेवा म्हणायला तयार नाही. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वेठ. मोबदला नाही, सुट्टी नाही, नकार द्यायचा हक्क नाही, आणि केलं तर उपकार नाही, नाही केलं तर गुन्हा. महारकीची व्याख्या याहून काय वेगळी होती? गावाचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाच्या घोड्यामागं पळायचं. दिवसरात्र कधीही हाक आली की उठायचं. त्याला हक्क म्हणायचे, वतन म्हणायचे, गोड नाव होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतनाचं बिल आणलं ते हे गोड नाव फाडायला. आम्ही गावाची वेठ टाकली. ढोरं ओढणं टाकलं. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. पण घरात आलो आणि घरातली वेठ बाईच्या डोक्यावर तशीच ठेवली. तिचंही गोड नाव ठेवलं, माया.

आणखी एक शब्द पाहा. आजाऱ्याच्या सेवेला शुद्ध मराठीत काय म्हणतात? शुश्रूषा. मनूनं शूद्राला एकच धंदा नेमून दिला, वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा, आणि तीही कुरकुर न करता. शब्द हाच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात आपण तो ग्रंथ जाळला. दरवर्षी अजून जाळतो. पण कुरकुर न करता शुश्रूषा करणारी बाई आपल्याला घरात पाहिजे. 'माझी माय कधी एका शब्दानं बोलली नाही' असं आपले कवी कौतुकानं लिहितात. ती का बोलली नाही, हे विचारा. तिला बोलू दिलं होतं का?

ही वेठ फक्त घरातली नाही. माझी आजी सुईण होती. आमच्या आणि मांगवाड्यातल्या बायांनी या मुलखातल्या पिढ्यान् पिढ्या जन्माला घातल्या. नाळ कापणं विटाळाचं काम, म्हणून ते आमचं. ज्या घराच्या उंबऱ्याआत आजीला एरवी घेत नव्हते, त्याच घरात अडलेल्या बाळंतिणीच्या पोटातून तिनं हातानं लेकरू फिरवून काढलं आहे. मिळालं काय? शेरभर जवारी, जुनं लुगडं. आणि पाचव्या दिवसानंतर ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिच्या हातातली विद्या कोणी विद्या म्हटली नाही. पुढं सरकारनं सुईणींना प्रशिक्षण दिलं, पेट्या दिल्या. २००५ नंतर दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे मिळू लागले आणि सुईण हटली. दवाखान्यात बाळंतपण व्हावं हे बरोबरच आहे, मी स्वतः बाया घेऊन जाते. पण त्या बायांना पिढ्यांच्या कामाचं काय मिळालं? पेन्शन? कृतज्ञतेचा एक कागद? काही नाही. म्हातारपणी आजी माझ्या मायच्या हातचं खात पडून राहिली. म्हणजे गावाची सेवा आजीनं केली आणि आजीची सेवा परत मायच्या माथी.

आणि मी? मी आशा. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून आम्ही जन्मलो. कागदावर आम्ही कामगार नाही, स्वयंसेविका आहोत. गरोदर बाईची नोंद करा, लेकराचं वजन करा, लसीला बोलवा, क्षयाच्या रोग्याला गोळ्या द्या, सर्वे करा, मोबाईलवर माहिती भरा, रात्री कळा सुटल्या तर गाडीत बसा. करोनात दारोदार फिरून ताप मोजला तो आम्ही. मे २०२२ मधे जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. टाळ्या वाजल्या. त्याच्या एक वर्ष आधी, जून २०२१ मधे, महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर बसल्या होत्या, कारण टाळ्यांनी तेल-मीठ येत नाही. मार्च २०२४ मधे राज्यानं ५ हजारांची वाढ मंजूर केली, तीही मुंबईच्या मैदानात दिवसरात्र बसल्यावर. २०१३ सालच्या भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली होती की आम्हाला कामगार माना, किमान वेतन द्या, पेन्शन द्या. अजून आम्ही स्वयंसेविकाच.

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना डोसाऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं दवाखान्यात ठेवावी लागली, वाचली. चूक भयंकर होती, मी तिच्यावर पांघरूण घालत नाही. पण कारवाई जाहीर झाली त्यात डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशाही. तिलाही निलंबित करणार म्हणाले. मी पेपर वाचून विचार करत राहिले. निलंबन करायला आधी नोकरी पाहिजे ना? शिक्षेच्या दिवशी आम्ही कर्मचारी, पगाराच्या दिवशी स्वयंसेविका. ही जादू ज्यानं शोधली तो महारकी शोधणाऱ्याचाच वंशज.

आता आकडे सांगते, कारण आपले पोरं म्हणतात ताई भावनेवर बोलते. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आहे : १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बाया घरातल्या माणसांची देखभाल करतात, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, आणि ७४ मिनिटं. घरकाम वेगळं. ते बायांचं २८९ मिनिटं, पुरुषांचं ८८. आणि मिनिटात सगळं बसत नाही. आजाऱ्याजवळ निजलेल्या बाईचा एक कान जागा असतो. तो कान कोणत्या रकान्यात भराल? साऱ्या जगाचं पाहायचं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ मधे मोजलं : बिनपगारी देखभालीचे दिवसाला १,६४० कोटी तास, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भार बायांवर.

सरकार सांगतं, लोकांच्या खिशातून जाणारा आरोग्यखर्च कमी झाला. २०१४-१५ ला एकूण खर्चात तो ६२.६ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला. आनंद आहे. पण हा हिशेब रुपयांचा आहे. वॉर्डात नर्स पुरत नाही म्हणून भांडं देणारी, सलाईनची बाटली धरून उभी राहणारी, रक्ताचा रिपोर्ट आणायला तीन मजले चढणारी, रात्री खाटेखाली फरशीवर लुगड्याचा पदर टाकून निजणारी बाई त्या हिशेबात नाही. ती नसती तर सरकारला तिथं माणूस नेमावा लागला असता, पगार द्यावा लागला असता. म्हणजे सरकारची बचत कोणाच्या खिशातून होते? जिच्या लुगड्याला खिसाच नाही तिच्या.

२०१० साली सुप्रीम कोर्टानंच नोंदवलं की २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं होतं, कमाई न करणाऱ्या म्हणून. जानेवारी २०२१ मधे त्याच कोर्टानं अपघाताच्या एका खटल्यात सांगितलं की गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरून भरपाई द्या. चांगला निकाल. पण पाहा, किंमत निघाली केव्हा? बाई गाडीखाली मेल्यावर. जिवंतपणी तिची काही किंमत नाही, मेल्यावर वारसाला चेक.

२०१७ चा पावसाळा इथं कोण विसरेल? कपाशीवर फवारता फवारता जिल्ह्यातली वीसाहून जास्त माणसं विषबाधेनं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. पेपरात आलं, चौकशी समिती बसली, पुढं स्वित्झर्लंडपर्यंत दावे गेले. मेले आणि पडले त्यांत पाठीवर पंप घेणारे मजूर होते, आपले आणि आदिवासींचे पोरं. ते खरंच. पण त्या पंपासाठी ड्रमात पाणी कोण आणून टाकत होतं? विषानं भिजलेले कपडे हातानं कोण धूत होतं? आणि डोळ्याला दिसेना झालेल्या नवऱ्याला घास भरवत वॉर्डात कोण बसलं होतं? घरी वावर तसंच, लेकरं तशीच. जे वाचून आले त्यांतले काही पहिल्यासारखे कामाचे राहिले नाहीत. चक्कर येते, डोळे जळतात, उन्हात उभं राहवत नाही. त्यांची पुढची जन्मभराची देखभाल कोणाच्या नावावर चढली? सात-बाऱ्यावर जिचं नाव कधी चढत नाही, तिच्या नावावर.

कोणी म्हणेल, सावित्रीमाईनं सेवाच केली ना? केली. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका पोराला पाठीवर घेऊन ती यशवंतच्या दवाखान्यात गेली, आणि त्याच प्लेगानं १० मार्चला मेली. पण फरक ओळखा. तिला कोणी जुंपलं नव्हतं. ज्याला शिवायला जग तयार नव्हतं त्याला तिनं आपल्या मर्जीनं उचललं. आणि त्या दवाखान्यात एकटी बाई नव्हती, तिचा पोरगा यशवंत डॉक्टर होता. रोग्याजवळ उभा राहणारा पुरुष त्या घरात घडवला गेला होता. आपण सावित्रीमाईचा फोटो लावतो, यशवंत कोण होणार ते सांगत नाही.

आणि बाबासाहेबांचं सांगते. १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं बिल आलं तेव्हा त्यांनी त्याची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं की बाळंतिणीला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, आणि मालकानंही अंग काढून घेऊ नये. भार बाईनं एकटीनं सोसावा असं ते म्हणाले नाहीत. जुलै १९४२ मधे नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो बाया जमल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. तिथं आपल्या आज्यांनी कामगार बायांच्या रजेचे, भरपाईचे ठराव केले. म्हणजे हा विषय मी कुठून नवा आणलेला नाही. आपण तो हरवला होता.

आज केंद्राच्या नोकरीतल्या बाईला लेकरांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा आहे. असावीच. पण पऱ्हाटीत वेचणाऱ्या बाईला किती दिवस? शून्य. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगली गोष्ट लिहिली होती : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. पाहा, लेकरू सांभाळणं म्हणजे काम, आणि कामाला मजुरी, हे कायद्यानं एकदा कबूल केलं होतं. मग आजारी माणूस सांभाळणं काम का नाही?

म्हणून मागण्या सांगते, ठरावात घ्यायच्या असतील तर घ्या.

आशा आणि गटप्रवर्तक यांना कामगार म्हणा, वेतन द्या, आजारपणाची रजा द्या, म्हातारपणी पेन्शन द्या. सरकारी दवाखान्यात रोग्यामागं पुरेशी नर्स-आया भरा, नाहीतर सोबत बसणाऱ्या नातेवाइकाला बुडालेल्या मजुरीचे पैसे द्या, जेवण आणि निजायला खाट द्या. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी पोराची आणि पोरीची, दोघांची करा. एकट्या पोरीचं रक्त तपासून तिच्या कपाळी शिक्का मारू नका. विषबाधेतून वाचलेल्यांच्या घरी देखभालीचा भत्ता द्या.

या सरकारकडच्या मागण्या. त्यासाठी मोर्चा काढू, मी पुढं राहीन. पण एक मागणी तुमच्याकडे आहे, आणि तिला मोर्चा लागत नाही. तुमच्या वस्तीत आज किती माणसं खाटेवर आहेत ते मोजा. त्यांच्या उशाशी कोण बसतं ते लिहा. आणि रात्रपाळी लावा, पुरुषांची. झेंड्याच्या पाळ्या लावता, वर्गणीच्या लावता, तशा. भांडं देणं, अंग पुसणं, शेकणं, गोळ्यांची वेळ पाळणं, हे शिकायला दोन दिवस लागतात. मी शिकवते, फुकट. बारा वर्षं फुकटच करते आहे, आणखी दोन दिवस.

तुम्ही म्हणाल, पुरुषाला ते जमत नाही. माझा भाऊ इथं तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला विचारूनच बोलते आहे. मायनं वीस वर्षं त्याची हाडं शेकली. ती पडली तेव्हा तो संघटनेच्या कामाला फिरत होता, आणि मी दोन घरं सांभाळत होते. शेवटच्या आठवड्यात मी त्याला म्हणाले, आज रात्री तू बैस. तो म्हणाला, "मले काय करावं लागते तेच समजत नाही." मी म्हणाले, ज्याची वीस वर्षं सेवा झाली त्यालाच समजत नसेल तर कोणाला समजेल? तो बसला. सहा रात्री बसला. मायचं सगळं केलं, सगळं. सातव्या दिवशी माय गेली. नंतर तो मला म्हणाला, "बाई, एका रात्रीत किती घंटे असतात ते मले मालूमच नव्हतं."

त्याला ते कळायला एकतीस वर्षं लागली. माझी शाळा त्यात गेली, मायचं आंग गेलं. तुम्हाला इतकी वर्षं लागू नयेत म्हणून मी हे चारचौघांत बोलले.

आणि सकाळी भेटलेल्या त्या पोरा, तू नाव सांगितलं नाहीस, मीही विचारत नाही. पुढच्या शिबिराला तुझी बहीण इथं पाहिजे. त्या दिवशी मायजवळ तू बैस. भाषणं ती तुला येऊन सांगेल.

जयभीम.